धामणीचा कमठा

सागवानाचं ते धनुष्य मोडलं तेव्हा माझ्या हातात नव्हतं, माझ्या मिस्टरांच्या हातात होतं. हसनाबादला आमच्या घराच्या गच्चीवर, रविवारी सकाळी. दाराच्या चौकटीतून उरलेली सागवानी पट्टी तीन आठवडे घासून मी तिला आकार दिला होता. दोरी चढवली आणि मी ओढणार तेवढ्यात ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं.

"थांब, आधी मी वढून बघतो. काही झालं तर तुझ्या हाताला नको."

दोरी त्यांच्या छातीपर्यंतही आली नव्हती. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि वरचा निम्मा तुकडा उलटून त्यांच्या डाव्या भुवईवर बसला. ते खाली वाकले. दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला, आणि बोटांमधून रक्त येत होतं.

मी परिचारिका आहे. आरोग्य केंद्रात वीस वर्षं होत आली. विळ्याने कापलेले, मळणी यंत्रात सापडलेले, कुत्रा चावलेले, सगळे हात-पाय धुऊन बांधले आहेत. त्या दिवशी मात्र मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला ओढणीने भुवई दाबून धरायचंही सुचेना. शेवटी हेच म्हणाले, "अगं, ऊठ. दिसून राह्यलं मला."

त्यांना दिसत नव्हतं. डोळ्यात रक्त होतं. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बुबुळ वाचलं आहे, पांढऱ्या भागावर ओरखडा आहे. भुवईला चार टाके पडले आणि आठ दिवस डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, "हे कशानं झालं?" हे म्हणाले, "घरात लाकूडकाम चालू होतं." धनुष्याचं नाव त्यांनी काढलं नाही. तिथे नाही आणि घरी आल्यावरही नाही.

डोळा बरा झाला. पण कुकरची शिट्टी झाली तरी त्यांच्या पापण्या पटकन मिटायच्या. आधी तसं नव्हतं. ते पेपर वाचत बसलेले असले की मी स्वयंपाकघरातून बघत राहायचे, आणि शिट्टी होणार असं वाटलं की गॅस बंद करायचे. आमच्या घरात कितीतरी दिवस डाळ अर्धवट शिजलेली असायची.

धनुष्य कशाला करायला घेतलं होतं, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. शाळेत असताना मी वसतिगृहात राहायचे. आमच्या खेळाच्या सरांनी बांबूची पाच-सहा धनुष्यं आणली होती. आठवी ते दहावी मी त्या धनुष्यांनी रोज संध्याकाळी नेम धरला. विभागाच्या स्पर्धेपर्यंत गेल्ते. दहावीनंतर ते सुटलं ते सुटलंच. पुढे नर्सिंग, नोकरी, लग्न, मुलगी. मग मुलगी डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या तयारीला लातूरला गेली आणि घर रिकामं झालं. मी तिला दिवसातून पाच-सहा वेळा फोन करायचे. जेवलीस का, पाणी कसलं पितेस, खोलीला कडी नीट लागते का. एकदा ती शांतपणे म्हणाली, "आई, तू हातात काहीतरी काम घे ना." फोनवरच्या एका व्हिडिओत कोणीतरी फळीतून धनुष्य करताना दाखवलं होतं, ते मी त्याच आठवड्यात बघितलं. एवढंच कारण.

मोडलेले दोन्ही तुकडे मी चुलीत घातले. कानस आणि रंधा पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. पुन्हा ह्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं.

दसरा होऊन गेला होता. एक दिवस दुपारी केंद्रावर ह्यांचा फोन आला. हे हायस्कूलमध्ये लिपिक आहेत, कामाच्या वेळी सहसा फोन करत नाहीत. त्यामुळे नाव दिसताच मी हातातलं काम टाकून फोन घेतला.

"काय झालं?"

"काही न्हाई. धामण भेटली. घेऊन येऊन राह्यलो."

मला वाटलं साप. मी म्हटलं, "अहो, ती जिवंत आहे का? सोडून द्या तिला, हात लावू नका."

पलीकडे ते हसायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना ऐकलं. धामण म्हणजे धामणीचं झाड. अजिंठ्याच्या डोंगराकडे त्यांच्या शाळेतल्या शिपायाचं शेत आहे. तिथे विहिरीकडचा रस्ता मोठा करताना बांधावरचं एक झाड पाडलं होतं. शिपाई बोलता बोलता म्हणाला की जुनी माणसं ह्याचे कमठे करायची. कमठा म्हणजे आमच्याकडे धनुष्यच. ह्यांनी मनगटाहून जाड, पुरुषभर उंचीचा सरळ ओंडका मागून घेतला आणि मोटारसायकलला बाजूने बांधून घरी आणला.

अंगणात तो ओंडका ठेवला. मी लांबच उभी राहिले.

"मला नको," मी म्हटलं.

"मंग मी करतो."

"तुम्हाला येतं का?"

"न्हाई येत. म्हणून तर म्हणतो तू कर." त्यांनी भुवईवरून अंगठा फिरवला. ती सवय त्यांना टाके काढल्यापासून लागली होती. "पण ह्या बारीला घाई न्हाई करायची. आन जाणकाराला दाखवून करायचं."

जाणकार म्हणून आम्ही ओंडका घेऊन केदारखेड्याच्या एका सुतारमामांकडे गेलो. सत्तरीच्या पुढचे. एके काळी बैलगाड्या आणि पेरणीच्या तिफणी केलेल्या, आता कुऱ्हाडीचे दांडे आणि कुठे दार दुरुस्तीला. मी त्यांच्या नातसुनेच्या बाळंतपणाला होते, त्यामुळे ओळख होती. ते मला सिस्टरबाई म्हणतात.

"तीरकमठा म्या कधी केला न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण लाकूड कळतं मला. आधीचं काहून मोडलं, ते सांगतो. फळी होती ना? फळी करवतीनं कापत्यात. लाकडाच्या शिरा तिरक्या तुटत्यात. वाकवलं की तिथूनच सुटणार. हे कापायचं न्हाई, फोडायचं."

त्यांनी ओंडक्याच्या तोंडाला लोखंडी पाचर लावली आणि घणाचे चार घाव घातले. ओंडका आपल्या मनाने, शिरांच्या वाटेने, उभा चिरत गेला. बरा निघालेला अर्धा भाग त्यांनी वाकसाने, म्हणजे सुताराच्या त्या लहान कुदळीसारख्या हत्याराने, दोन्ही बाजूंनी थोडा हलका केला. टोकांना शेण-माती लिंपली. "आता उन्हाळ्यापस्तोर हात लावू नका. वल्लं लाकूड वाकून बसन, उठायचं न्हाई."

दुसरा अर्धा भाग घरी परसात ठेवून मी विसरून गेले; हा आमच्या माळ्यावर पडून राहिला. मला मात्र हात लावल्याशिवाय राहवत नव्हतं. दर आठवड्याला स्टुलावर चढून मी त्याची टोकं बघायचे. संक्रांतीच्या सुमारास एका टोकाला केसासारखी भेग दिसली. पुढच्या आठवड्यात ती बोटभर झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन बोटं. मी भेगेच्या शेवटी पेन्सिलने खूण करायचे आणि पुन्हा जाऊन बघायचे की ती खुणेच्या पुढे गेली का. एकदा दोनच दिवसांत गेले. हे खालून म्हणाले, "तापाचा तक्ता ठेवल्यासारखं काय करून राह्यलीस?" मला राग आला, कारण मी खरंच वहीत तारीख घालून लिहून ठेवत होते. फेब्रुवारी संपता संपता भेग थांबली. कमठ्याला लागणार होती त्या लांबीच्या बाहेरच ती होती. कापून टाकता आली.

मार्चमध्ये लाकूड मामांकडे नेलं, आणि तेव्हापासून मी ड्युटी झाली की बसमधून केदारखेड्याला उतरायचे आणि मामांच्या छपरीत तास-दीड तास काम करायचे. मामांना घाई आणि मला भीती, अशी आमची जोडी होती. ते वाकसाने भराभर ढलप्या काढायचे आणि मी म्हणायचे, "मामा, बस, बस." मग ते वाकस खाली ठेवायचे. "सिस्टरबाई, तुमी इतकं भ्याल तर हे लाकूड लाकूडच राहीन."

साल काढल्यावर पाठ दिसली. पाठ म्हणजे कमठ्याची ती बाजू, जी ओढताना ताणली जाते. मामांनी तिच्यावरून नख फिरवून एक गोष्ट बजावली. "हिच्यावर हत्यार चालवायचं न्हाई. एक बी शीर तुटली तर तुमच्या साहेबांच्या दुसऱ्या भुवईचा नंबर." त्यांना गंमत वाटली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पाठीला हात न लावता, पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने लाकूड कमी करत जायचं. मधे मुठीची जागा जाड, आणि तिथून दोन्ही टोकांकडे हळूहळू पातळ. वाकसाचं काम झालं तसं मामांनी हत्यार बाजूला ठेवलं आणि माझ्या हातात कानस दिली. "आता तुमी."

जाडी कुठे किती राहिली हे मी आधी पट्टीने मोजायचे. मग लक्षात आलं की डोळे मिटून अंगठा आणि बोटांच्या चिमटीत लाकूड धरलं आणि टोकाकडे सरकवत नेलं तर जास्त नीट कळतं. पोटातलं बाळ कुठे आहे, डोकं खाली आहे की नाही, हे मी वीस वर्षं असंच बोटांनी ओळखत आले आहे. एका जागी थोडा फुगवटा लागला की तिथे खूण करायची आणि कानशीचे चार हात मारायचे. फुगवटा नसून खड्डा लागला तर मात्र कानस खाली ठेवायची. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

वरच्या भागात, टोकापासून वीतभर आत, हरभऱ्याएवढी गाठ होती. मामा म्हणाले, गाठीभोवतीचं लाकूड थोडं उंचच राहू द्या. मी इतकं राहू दिलं की तिथे गळू आल्यासारखं दिसायचं. पण त्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

एप्रिलमध्ये आम्ही तो वाकवायला सुरुवात केली. छपरीच्या भिंतीत मोठी खुंटी ठोकली आणि कमठा मुठीच्या जागी तिच्यावर आडवा बसवला. दोन्ही टोकांना खाचा करून जाड, ढिली दोरी बांधली. त्या दोरीला दुसरा दोर लावून तो खाली जमिनीजवळ बसवलेल्या विहिरीच्या जुन्या कप्पीतून घेतला. म्हणजे मी आठ-दहा फूट लांब उभी राहून दोर ओढायचा आणि भिंतीवरचा कमठा कसा वाकतो ते समोरून बघायचं. मोडलाच तर लांब राहू. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक ताठ राहिली तर दुसरीवर सगळा भार येतो, आणि मोडतं ते तिथेच.

पहिल्या दिवशी चार बोटं ओढलं. हातात धरल्यावर खाली येणारा भाग काठीसारखा ताठ, वर येणारा मुठीजवळ कोपरासारखा दुमडत होता. मामांनी कोळशाने भिंतीवर जशी हवी तशी कमान काढून ठेवली. "ह्या रेघेवर आणायचा." मग खाली उतरवायचा, ताठ जागी कानशीचे पाच-सात हात, पुन्हा चढवायचा, तीस वेळा हळूहळू ओढायचा, पुन्हा बघायचं. एका संध्याकाळी दोन बोटांची प्रगती.

एक दिवस ओढता ओढता टक् असा आवाज आला. माझ्या हातातून दोर सुटला. मामांनी कमठा उतरवला आणि आम्ही दोघांनी तो उजेडात नेऊन इंचाइंचाने पाहिला. काही दिसलं नाही. मी घरी सांगितलं नाही. दोन दिवस केदारखेड्याला उतरलेही नाही. बसमधून छपरी दिसायची तेव्हा मान दुसरीकडे वळवायचे. तिसऱ्या दिवशी मामाच रस्त्यावर येऊन थांबले होते. "खुंटी वाजल्ती. भिंतीत हलून राह्यली. दुसरी ठोकलीय, बराबर बसवलीय. या."

सगळ्यात मोठी चूक त्यानंतर झाली, आणि ती माझी.

मुलीची परीक्षा मेच्या सुरुवातीला होती. त्याच्या दोन आठवडे आधी मी छपरीत कानस चालवत असताना तिचा फोन आला. ताप आहे, म्हणाली. काल रात्रीपासून. किती? मोजला नाही. अंगावर पुरळ? नाही. डोकं दुखतंय का, मान वाकवता येते का, मी एकामागून एक विचारत गेले. फोन खांद्यात धरलेला आणि हात मात्र थांबले नव्हते. फोन ठेवला तेव्हा मामा माझ्याकडे बघत होते.

"सिस्टरबाई, किती घासलं तिथं?"

वरच्या भागात, मधोमध, मी एकाच जागी घासत राहिले होते. बोटांनी धरून बघितलं. खड्डा. डोळे मिटून लागावा असा नाही, उघड्या डोळ्यांनी दिसावा असा.

मी कानस खाली ठेवली आणि त्या वेळी मला कमठ्याचं काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी जाते." त्याच संध्याकाळी हे आणि मी लातूरला निघालो. मुलीला साधा विषाणूचा ताप होता. तिसऱ्या दिवशी उतरला. मी चार दिवस तिच्या खोलीत राहिले, पेज करून घातली, आणि ती पुस्तक घेऊन बसली की मी भिंतीला टेकून गप्प बसायचे. तिने विचारलं, "तुझा तो कमठा कुठपर्यंत आला?" मी म्हटलं, "बिघडला." ती म्हणाली, "म्हणजे मोडला?" "नाही. अजून नाही." "मग बिघडला कसा?" मी उठून पेज गरम करायला ठेवली.

परत आल्यावर मामांनी कमठा माझ्या हातात दिला. त्यांनी मधल्या दिवसांत त्याला हात लावला नव्हता.

"आता दोन वाटा हायेत," ते म्हणाले. "एक तर हा टाकायचा आन दुसरं लाकूड बघायचं. न्हाईतर त्या जागेइतकं सगळं पातळ करायचं. कमठा हलका व्हईन. लई लांब न्हाई जायचा तीर. पण सारखा वाकन."

"आणि मोडणार नाही?"

"ते म्या कसं सांगू?"

मला त्यांनी नाही मोडणार असं म्हणायला हवं होतं. बाळंतिणीच्या सासवा माझ्याकडून असंच काहीतरी म्हणून घ्यायला बघतात आणि मीही सांगत नाही. मी कानस उचलली.

पुढचे तीन आठवडे मी त्या एका खड्ड्याभोवती सगळा कमठा उतरवत नेला. कानशीनंतर काच. फुटलेल्या काचेच्या ताज्या कडेने लाकूड खरवडलं की कागदासारखी पातळ सालं निघतात, आणि जाडीत फरक इतका कमी पडतो की भीतीला जरा आळा बसतो. मे चढत होता. छपरीचे पत्रे तापायचे. लाकूड इतक्या कोरड्या हवेत ठिसूळ होईल अशी मला नवीन काळजी लागली, म्हणून काम झालं की मी तो ओल्या गोणपाटाच्या शेजारी, पण त्याला न टेकवता, सावलीत ठेवायचे. मामा हे बघून मान हलवायचे, पण दुसऱ्या दिवशी गोणपाट त्यांनीच भिजवून ठेवलेलं असायचं.

शेवटी एका संध्याकाळी दोर ओढला आणि दोन्ही बाजू कोळशाच्या रेघेला लागल्या. डावी-उजवी सारखी. मी ओढून धरला आणि मामा भिंतीजवळ जाऊन बघून आले. कापूस मोजायचा ताणकाटा दोराला लावून पाहिलं. पूर्ण ओढायला पंधरा किलो जोर लागेल असा करायचं आमच्या मनात होतं, अकरा भरला.

कडा गोल केल्या, काचकागदाने तीनदा घासला. मुठीला सुती पट्टी आवळून गुंडाळली. जवसाचं तेल कोमट करून तळहाताने चोळलं. तेल बसताच लाकूड गडद झालं आणि पाठीवरच्या उभ्या शिरा टोकापासून टोकापर्यंत अखंड दिसायला लागल्या. ते बघून छान वाटायला हवं होतं. मी शिरा मोजत होते, कुठे तुटल्या आहेत का म्हणून.

चपला शिवायच्या जाड दोऱ्याचे चौदा पदर पिळून मामांनी दोरी केली. आता कमठा कोणीतरी हातात धरून ओढायचा राहिला होता.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही मामांच्या छपरीमागच्या नांगरलेल्या रानात गेलो. परीक्षा संपवून मुलगी घरी आली होती, पण तिला मी आणलं नाही. सोयाबीनच्या भुसकटाने भरलेली दोन पोती बांधाला लावून ठेवली होती. बांबूच्या काडीचे तीन तीर होते. हे मोटारसायकलवरून उतरले, कमठ्याकडे हात केला आणि म्हणाले, "दे इकडं."

"नाही."

"अगं, मी एकदा..."

"म्हणूनच नाही."

त्यांची पापणी फडफडली. मग त्यांनी आपलं हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "मंग हे घाल. न्हाईतर मी वढू देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

मामांना हसू आवरेना. मी हेल्मेट घातलं, पुढची काच खाली केली. आत माझाच श्वास मला ऐकू येत होता. कमठा उचलला, तीर न लावता वीतभर ओढला, सोडला नाही, हळूच परत सैल केला. आजवर भिंतीवर लांबून बघितलेली गोष्ट आता माझ्या डाव्या हातात जिवंत असल्यासारखी ताणत होती. तीस वेळा केलं. मग निम्मं. पुन्हा तीस वेळा. कुठे काही टक् होतं का ते ऐकत होते, पण हेल्मेटमध्ये ऐकूही येत नव्हतं.

पूर्ण ओढायची वेळ आली तेव्हा अडचण कळली. दोरी हनुवटीला टेकली पाहिजे, आणि हनुवटीपुढे हेल्मेटचा जबडा. दोरी त्याला अडत होती. बाजूने ओढायचं तर कमठा प्रमाणाबाहेर ओढला जाणार.

मी हेल्मेट काढलं. ह्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते घेतलं. माझ्यापासून दूर गेले नाहीत, उलट एक पाऊल जवळ आले. मी म्हटलं, "मागे सरका." ते सरकले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. मामांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना चार पावलं मागे नेलं.

मी तीर लावला. आठवीतल्या मुलीला सरांनी शिकवलेलं सगळं खांद्याला आपोआप आठवलं, कोपर वर, खांदा खाली, पण मान आखडली होती आणि डावा डोळा मिटायला बघत होता. मी ओढलं. छाती. गळा. हनुवटी. दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकली. एक क्षण मी थांबले, त्या क्षणात वरच्या भागातला खड्डा, गाठ, भेग, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मग बोटं सुटली.

तीर पोत्याच्या हातभर अलीकडे ढेकळात शिरला. कमठा माझ्या हातात होता, अख्खा. मी लगेच त्याची पाठ तपासली. मामा म्हणाले, "अवो, तीर बघा आधी." मी तीर बघितलाच नव्हता.

दुसरा पोत्याला लागला. तिसराही. मग मामांनी एक मारला, तो बांधापलीकडे गेला. ह्यांनी मागितला नाही. त्यांनी फक्त उतरवलेला कमठा हातात घेऊन त्याचं वजन बघितलं आणि म्हणाले, "हलका हाय की." दोरी काढल्यावर तो पूर्ण सरळ झाला नाही, बोटभर वाकलेलाच राहिला. मामा म्हणाले, तेवढं राहणारच.

उन्हाळा संपून पाऊस सुरू झाला तसा मी रविवारी पाच-दहा तीर मारायला लागले, घरामागच्या मोकळ्या जागेत. मुलगीही मारते. तिला प्रवेश कुठे मिळतो ते अजून कळायचं आहे. ती ओढते तेव्हा मी तिला दिसेल अशी शेजारी उभी राहू की मागे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी कमठ्याची पाठ तपासल्याशिवाय तिला तो देत नाही. केंद्रात वापरतो तसला कापसाचा बोळा घेते आणि टोकापासून टोकापर्यंत पाठीवरून हलकेच फिरवते. कुठे एखादी शीर उचलली असली तर कापूस तिथे अडकतो.

गेल्या महिन्यात अडकला. गाठीच्या जरा खाली, दोन-तीन तंतू. मी मुलीला घरात जायला सांगितलं, कमठा ओढणीत गुंडाळला आणि पावसातच केदारखेड्याला गेले. मामांनी चष्मा लावून बघितलं, नखाने दाबून बघितलं. मग त्या जागी गोंद भरला आणि बारीक दोऱ्याचे वीस-पंचवीस वेढे घट्ट आवळून दिले, कुऱ्हाडीच्या दांड्याला देतात तसे.

"टिकेल का?" मी विचारलं.

"आठ दिवस वाळू द्या. मंग आधी निम्मं ओढा, न्हाई काही झालं तर पूर्ण." त्यांनी कमठा माझ्या हातात दिला. "आन सिस्टरबाई, दुसरा करायला घ्या. हा मोडला तर मोडला. धामणीचा राहिलेला अर्धा ओंडका तुमच्या साहेबानं कवाच माझ्याकडं आणून टाकलाय."

मला हे ठाऊक नव्हतं. ओंडका छपरीत मागे, पत्र्याला टेकून उभा होता. दोन्ही टोकांना शेण-माती लिंपलेली. मी जवळ जाऊन आधी टोकाला भेग आहे का ते बघितलं. नव्हती.